एप्समचं मीठ, धुळ्याचं माप

दिल्लीत मयूर विहार फेज वनमध्ये केमिस्टकडे एप्सम सॉल्टचा पुडा मिळतो. कोमट पाण्यात मूठभर टाकायचं आणि दुखरे पाय बुडवून बसायचं, एवढीच त्याची घरातली ओळख. हेच मॅग्नेशियम सल्फेट प्रसूतीच्या वॉर्डात सुईतून जातं, तेव्हा प्रश्न जिवाचा असतो.

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातल्या एप्समला एक झरा सापडला. तहानलेली गुरंही त्याला तोंड लावेनात, अशी आख्यायिका आहे. १६९५ मध्ये शास्त्रज्ञ नेहेमाया ग्रूनं त्यातल्या मिठावर पुस्तक लिहिलं. पुढं दोनशे वर्षं त्याचं काम एकच, जुलाब.

ज्या आजारावर ते पुढं चाललं, ती गरोदरपणात येणारी आकडी तर फार जुनी. लंडनच्या डॉक्टर जॉन लेव्हरला १८४३ मध्ये अशा बायकांच्या लघवीत अल्ब्युमिन दिसलं आणि धागा हाती लागला. या आजारात रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातली प्रथिनं लघवीवाटे जातात, पाणी रक्तात टिकत नाही. हात, पाय, चेहरा फुगतो. आत मात्र रक्त दाटतं. वर पूर, आत दुष्काळ! सलाइन सढळ हातानं लावली तर पाणी फुप्फुसांत उतरतं. एके काळी उलट लघवीच्या गोळ्या देत, म्हणजे आधीच आटलेलं आणखी आटवत.

जर्मनीत १९०६ मध्ये हे मीठ आकडीसाठी पाठीच्या कण्यात टोचून पाहिलं गेलं. अमेरिकेत विसाच्या दशकात ते शिरेतून आणि स्नायूतून देऊ लागले. १९५५ पासून तिथल्याच डॉक्टर प्रिचर्डची पद्धत रुळली: आधी १४ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५. पण जगाची खात्री पटायला १९९५ ची मोठी चाचणी लागली. तिच्यात भारतातल्याही बायका होत्या, आणि डायझेपाम व फेनिटॉइन ही आकडीवरची दुसरी दोन्ही औषधं मागं पडली.

मात्र हे मीठ शरीरातून बाहेर पडतं ते मूत्रपिंडांतूनच, आणि आजाराचा घाव नेमका त्यांच्यावर. शिवाय प्रिचर्डचं माप अमेरिकन अंगकाठीचं. आपल्याकडची किडकिडीत बाई तेवढं कसं पेलणार? धुळ्याच्या सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय स्त्रियांसाठी कमी मात्रा मांडली. ‘धुळे पद्धत’ म्हणून ती वैद्यकीय लेखांत आजही सापडते.

मात्रा कुठलीही असो, पुढच्या सुईआधी पाहणी ठरलेली. चार तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी, मिनिटाला किमान १६ श्वास, आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडायला हवा. मीठ अंगात जास्त साचलंच तर उशाशी उतारा तयार असतो, कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी.