शनिवार तेल्यांची गोष्ट : ‘आपल्यातली’ कोणाला म्हणायचं?



गेल्या महिन्यात मोहोळकडच्या आमच्या एका गटाची बैठक होती. सचिव बदलायची होती. हिशोबाला पक्की म्हणून एका ताईचं नाव पुढं आलं. ताईचं माहेर विजापूरकडचं, घरी कानडी बोलतात. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, बचतीचा एक हप्ता कधी चुकला नाही. तरी मागून आवाज आला, “बाई चांगली आहे, पण आपल्यातली नाही.” सगळ्या गप्प झाल्या. ताईनं मान खाली घातली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

तेव्हापासून आम्ही विचार करतोय. माणूस ‘आपल्यातलं’ होतं ते कशानं? जन्मानं, देवानं, भाषेनं, की सोबत राहण्यानं? म्हणून आज महाराष्ट्रातल्याच एका लहानशा समाजाची गोष्ट सांगतो.

कोकणात अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, सांगतात की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथं फुटलं. सात बायका आणि सात पुरुष तेवढे वाचले. त्यांची पोथीपुस्तकं समुद्रात गेली. पुढं ही माणसं कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या, गावागावांत पसरली आणि तेलाचा घाणा चालवू लागली. त्यांच्या धर्मात शनिवार विश्रांतीचा, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. लोकांनी नाव ठेवलं, शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. गावानं त्यांना त्यांच्या सुट्टीच्या वारानं ओळखलं. तुमचा देव कोणता, हे विचारत बसलं नाही.

ज्या गावात राहिले, त्या गावाचं आडनाव झालं. पेणचे पेणकर, किहीमचे केहिमकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर. बायका लुगडं नेसायच्या, लग्नाआधी मेंदी लावायच्या. आजही घरात शुभकार्य असलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं ताटात मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं प्रार्थना म्हणतात. पोहे आणि गूळ आपल्याच मातीतले, प्रेषित त्यांचा. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात मराठीतून कीर्तनंही होऊ लागली. आपल्या कीर्तनासारखंच गाणं आणि निरूपण, आख्यान मात्र त्यांच्या धर्मग्रंथातलं. ही मराठी गाणी बायकांनी वह्यांमध्ये उतरवून जपली.

मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनालय १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. लोक त्याला मशीद म्हणू लागले. पुण्यात बगदादहून आलेल्या ज्यू घराण्यातल्या डेव्हिड ससून यांनी लाल विटांचं प्रार्थनालय उभारलं. त्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ! लोकांकडं जो शब्द होता तो त्यांनी दिला आणि त्या शब्दासकट जागा आपली झाली.

या समाजातल्या मुली लवकर शिकल्या. रिबेका रूबेन पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या. १९०५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात त्या पहिल्या आल्या आणि पुढं मुंबईत शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्याच हुजूरपागेतल्या जेरुशा झिराड डॉक्टर झाल्या आणि लंडनला जाऊन पुढं शिकल्या. १९२८ ते १९४७ त्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. तिथं बाळंतपणाला येणाऱ्या बाईची जात, धर्म कोणता, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तुम्ही विचाराल, जो देवधर्म फारसा करत नाही, तो ज्यू राहतो का? याचं उत्तर एका कवीच्या आयुष्यात मिळतं. निसिम इझिकेल १९२४ साली मुंबईत बेने इस्रायल घरात जन्मले. तरुणपणी ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षात काम करत. देवळापेक्षा विचारावर भर देणारी ती मंडळी. पुढं ते इंग्रजीतले मोठे कवी झाले, पण आपण ज्यू आहोत हे त्यांनी ना लपवलं ना मिरवलं. आपल्या इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनीच इंग्रजीत नेल्या. जन्म एका घरातला, विचार स्वतःचा आणि गाव मुंबई. तिन्ही गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदल्या.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत यातले बहुतेक लोक तिकडं गेले. इथं त्यांना कुणी हाकललं नव्हतं. ते आपल्या धर्माच्या भूमीकडं गेले. आणि तिथं काय झालं? रंगावरून, चालीरीतींवरून त्यांना वेगळं काढलं गेलं. काहींनी तर १९५०च्या सुरुवातीला धरणं धरून, आम्हाला भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. पुढं १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं की बेने इस्रायल मुलामुलीचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावताना आधी आई, आजी, पणजी अशी चौकशी करायची. विचार करा मैत्रिणींनो, ज्या देशासाठी घरदार सोडलं, त्या देशात पणजीचा पुरावा मागितला. आणि कोकणातल्या खेड्यात पणजीचा कागद कुठून आणायचा?

लोक रस्त्यावर उतरले. शेवटी १९६४ साली तिथल्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यूच आहेत. आजही तिकडच्या घरांत मराठी बोलली जाते आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं.

इथं राहिले ते थोडे. आज साऱ्या भारतात ज्यू पाच हजारांच्या आसपास आहेत. अनेक वर्षं सरकारी फॉर्मवर त्यांना धर्माच्या रकान्यात ‘इतर’ लिहावं लागे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. एवढ्याशा समाजाला त्याचं काय, असं वाटेल. पण ज्या बाईचं नाव कधी रेशनकार्डावर राहून गेलंय, तिला विचारा. कागदावर स्वतःचं नाव असणं म्हणजे काय, ते ती सांगेल.

आपल्या सोलापूरला तर हे नवं नाही. चार हुतात्मा चौकातून आपण कितीदा गेलोय! मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी दिली. चार घरं वेगळी, देव वेगळे, पण त्यांना आपलं म्हणायला सोलापूरनं कधी पणजीचा पुरावा मागितला नाही. आपल्या शहराच्या गिरण्या आणि माग तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी बोलणाऱ्या हातांनीच चालले.

आता पुन्हा त्या ताईकडं येऊ. गटानं कर्ज घेतलं तेव्हा परतफेडीची जबाबदारी सगळ्या जणींनी मिळून घेतली. त्या कागदावर ताईचाही अंगठ्याशेजारी सही-शिक्का आहे. दोन वर्षांपूर्वी एकीचे हप्ते थकले, तेव्हा सगळ्यांनी वर्गणी काढून भरले. त्यात ताईचेही पैसे होते. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हिचे पैसे नकोत, ही आपल्यातली नाही. म्हणजे कर्ज फेडायला आपली, आणि सचिव व्हायला परकी?

हिशोब चुकत असेल तर जरूर सांगा, ती हरकत रास्त आहे. पण माहेर कुठलं आणि घरात भाषा कोणती, ही हरकत आमच्या मते गटाच्या वहीत बसत नाही.

हा विषय येत्या बैठकीत पुन्हा आहे. आम्ही त्या दिवशी शनिवार तेल्यांची ही गोष्ट तिथं सांगणार आहोत. निर्णय गटच घेईल, तो हक्क त्यांचा आहे. तुमच्याही गटात अशी एखादी ताई मागं बसत असेल. तिला या वेळी पुढं बसायला सांगा.