प्रवाळभित्तींचे प्रतिमान आणि मालवणचा किनारा

खचत जाणाऱ्या ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहून कंकणद्वीप बनते, हे अनुमान चार्ल्स डार्विनने प्रवाळभित्ती प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच बांधले व १८४२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्याचा निर्णायक पडताळा १९५२ मध्ये आला. त्या वर्षी एनिवेटोक येथील वेधनात १,२०० मीटरांहून अधिक खोलीवर ज्वालामुखीजन्य खडक लागला.

आजच्या प्रतिमानांना एवढा अवधी नाही. सागरजल उन्हाळी सरासरीच्या कमाल मर्यादेहून किमान एक अंशाने किती चढले, याची बारा आठवड्यांची बेरीज उपग्रहांच्या आधारे करतात. ती चारवर गेल्यास प्रवाळांचे विरंजन, म्हणजे रंग उडणे, व आठवर गेल्यास मृत्यू संभवतो.

मालवण येथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. मच्छीमारांनी उपजीविकेच्या चिंतेने त्यास विरोध केला. नांगर टाकणे व पाणबुडीचे पर्यटन केव्हा आणि कोठे थांबवावे, हे प्रतिमानाने सांगितले, तर सरसकट निर्बंधांची गरज कमी होईल. परंतु येथील प्रवाळ गढूळ पाण्यात जगतात. जागतिक मोजमाप त्यांना जसेच्या तसे लावणे, हे एका भाषेचे व्याकरण दुसरीवर लादण्यासारखे होय. एनिवेटोकला जे वेधनाने साधले, ते मालवणला पाण्याखालील नित्य नोंदींनीच साधेल.