ऑपरेशननंतर घरी आलात, आता जखमेवर लक्ष कोण ठेवणार? मोबाईल अ‍ॅप नेमकं काय करतं?

ऑपरेशन झालं, डिस्चार्ज मिळाला, टाके काढायची तारीखही ठरली. पण मधल्या दिवसांत जखम लालसर दिसते, थोडी कणकण वाटते. हे नेहमीचंच आहे की धोक्याचं? दवाखाना लांब असेल तर गाडी बघा, घरातल्या कुणाला तरी रजा टाकायला लावा. मग 'उद्या बघू' म्हणत दोन दिवस निघून जातात.

हे 'उद्या बघू'चे दिवस कमी करण्यासाठी काही देशांतल्या डॉक्टरांनी रुग्णाच्या खिशातल्या स्मार्टफोनची मदत घेऊन पाहिली. त्यातून काय हाती लागलं?

घरी गेल्यावरच लक्ष का ठेवायचं?

ऑपरेशनच्या जागी होणारा संसर्ग साधारणपणे ३० दिवसांपर्यंत मोजला जातो. कृत्रिम सांधा किंवा इतर इम्प्लांट बसवलं असेल, तर ही मुदत ९० दिवसांपर्यंत जाते. रुग्ण त्याच्या कितीतरी आधी घरी गेलेला असतो. त्यामुळे अनेक संसर्ग घरीच डोकं वर काढतात. ते लवकर कळले तर अनेकदा औषधांवर भागतं. उशीर झाला तर पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागू शकतं, कधी दुसरं ऑपरेशनही करावं लागतं.

अ‍ॅप काय करतं?

ठरलेल्या दिवशी मोबाईलवर प्रश्न येतात. दुखणं किती आहे? ताप आहे का? जखमेतून पाणी किंवा पू येतोय का? रुग्ण उत्तरं देतो, जखमेचा फोटो काढून पाठवतो. पलीकडे डॉक्टर किंवा नर्स ते पाहून पुढे काय करायचं ते कळवतात. गुडघा बदलल्यानंतर वापरली जाणारी काही अ‍ॅप्स रोजची पावलं आणि व्यायामही मोजतात.

फेऱ्या कमी झाल्या

कॅनडात टोरंटोच्या विमेन्स कॉलेज हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या पुनर्रचनेचं ऑपरेशन झालेल्या ६५ महिलांचा अभ्यास झाला. काहींचा फॉलो-अप अ‍ॅपवर, तर काहींचा नेहमीसारखा प्रत्यक्ष भेटीत. २०१७ मध्ये 'जामा सर्जरी'त आलेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या ३० दिवसांत अ‍ॅपवाल्या गटाच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होत्या. गुंतागुंत मात्र वाढली नाही. हा अभ्यास छोटा होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

संसर्ग लवकर कळला

स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गचा अभ्यास मोठा होता. त्यात पोटाचं तातडीचं ऑपरेशन झालेले ४९२ रुग्ण होते. त्यातल्या एका गटाला तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी मोबाईलवर प्रश्न गेले, फोटो मागवले गेले.

पूर्ण ३० दिवसांचा विचार केला, तर निदानाला लागलेल्या वेळेत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. पण पहिल्या ७ दिवसांतच संसर्गाचं निदान होण्याची शक्यता मोबाईलवाल्या गटात जवळपास चौपट होती. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. आलेली माहिती बघायला पलीकडे डॉक्टरांची टीम होती. फोटो कुणी उघडलाच नाही, तर तो नुसता फोटोच राहतो.

अडचणी कुठे येतात?

अंधुक उजेडातल्या फोटोत जखम नीट दिसत नाही. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली पटकन ओळखू येत नाही. आत खोलवर झालेला संसर्ग तर फोटोत दिसतच नाही. वयस्कर रुग्णांना फोन वापरायला घरच्यांची मदत लागते. शिवाय जखमेचा फोटो ही खासगी गोष्ट आहे. तो कोण पाहणार आणि कुठे साठवणार, हे आधी विचारून घ्यायला हवं.

भारतात हे चालतं का?

हो. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, फोन किंवा मेसेजवरून सल्ला देऊ शकतात. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपसारखी माध्यमंही चालतात. मात्र प्रत्यक्ष तपासणी गरजेची आहे का, हे डॉक्टरच ठरवतात.

म्हणून हॉस्पिटलकडे अ‍ॅप असो वा नसो, डिस्चार्ज घेतानाच तीन गोष्टी विचारून घ्या:

- फोटो कोणत्या नंबरवर पाठवायचा?
- तो कोण बघणार आणि किती वेळात उत्तर मिळणार?
- रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा?

अ‍ॅपवर थांबू नका

१००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पू, दुर्गंधी, पसरत जाणारी लाली, वाढतं दुखणं किंवा उसवलेले टाके यांपैकी काहीही दिसलं, तर उत्तराची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. दम लागला, छातीत दुखलं किंवा रक्त थांबत नसेल, तर थेट १०८ वर फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.