नियमांचे वसतिस्थान : स्टोअर्ड प्रोसीजर आणि वेब-उपयोजने (१९८७–२०१८)

१

संगणकीय व्यवहारांच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार उपस्थित झालेला आढळतो. माहिती एका ठिकाणी साठविलेली असते. तिच्यावर कोणते व्यवहार, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटींवर करता येतील हे ठरविणारे नियम मात्र कोठे ठेवावयाचे? माहितीजवळ, की माहितीचा उपयोग करणाऱ्या प्रोग्रॅमजवळ? डेटाबेसच्या सर्व्हरवरच आज्ञांची एक मालिका नाव देऊन साठवून ठेवावयाची आणि बाहेरच्या प्रोग्रॅमने केवळ त्या नावाने तिला पाचारण करावयाचे, या रीतीस स्टोअर्ड प्रोसीजर असे म्हणतात. ही रीत म्हणजे उपरोक्त प्रश्नाचे एक निश्चित उत्तर होय. १९८७ नंतरच्या तीन दशकांत हे उत्तर स्वीकारले गेले, टाकले गेले आणि काही क्षेत्रांत पुन्हा स्वीकारले गेले. केवळ तांत्रिक प्रगतीच्या आधारे या क्रमाची संगती लागत नाही. प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर चालतो आणि माहितीच्या शुद्धतेची जबाबदारी कोणाकडे असते, या दोन गोष्टी जसजशा बदलल्या तसतसे उत्तरही बदलले, असे या इतिहासाच्या अवलोकनावरून दिसून येते.

विषय स्पष्ट होण्यासाठी एक साधा व्यवहार घ्यावा. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती करावयाची आहे. त्यासाठी पहिल्या खात्यातील शिल्लक पाहणे, तीतून रक्कम वजा करणे, दुसऱ्या खात्यात ती जमा करणे, या घडामोडीची नोंद करणे आणि शेवटी व्यवहार कायम करणे, अशा पाच आज्ञा द्याव्या लागतात. या आज्ञा वेब-सर्व्हरवरील प्रोग्रॅम एकेक करून पाठवू लागला, तर त्याच्या व डेटाबेसच्या दरम्यान पाच येरझारा होतात. समजा, एका येरझारीस १ मिलिसेकंद लागतो. पहिली आज्ञा पोहोचताच खात्याची नोंद कुलूपबंद झाली आणि पाचवी पोहोचेपर्यंत तशीच राहिली, तर ती ४ मिलिसेकंद अडकून पडते. अर्थात प्रत्यक्ष कामाचा वेळ शून्य धरला तरीही त्या एका खात्यावर सेकंदाला २५०हून अधिक व्यवहार होऊ शकत नाहीत. याच पाच आज्ञा प्रोसीजरमध्ये बांधल्या तर येरझार एकच होते, आणि कुलूप सर्व्हरच्या आतील कामापुरतेच राहते. शिवाय शिल्लक पाहिल्यावाचून रक्कम वजा करण्याची मुभाच कोणास उरत नाही. वेग आणि नियमन असे प्रोसीजरचे दोन निराळे गुण या उदाहरणात दिसतात. पुढील सर्व वादात या दोहोंची गल्लत झालेली आहे, म्हणून हा भेद आरंभीच लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

२

या कल्पनेची पार्श्वभूमी १९७० पर्यंत मागे जाते. त्या वर्षी आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी संबंधात्मक प्रतिमानावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. माहितीची अंतर्गत मांडणी बदलली तरी प्रोग्रॅम बदलावे लागू नयेत, हा त्यातील एक मुख्य आग्रह होता. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी याच परंपरेत ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली, आजची एस.क्यू.एल. ही तिचीच उत्तराधिकारी होय. काय हवे ते सांगावे, ते कसे मिळवावे हे यंत्रावर सोपवावे, हे या भाषेचे तत्त्व. पुढे १९८५ साली कॉड यांनी खऱ्या संबंधात्मक डेटाबेसची जी लक्षणे सांगितली, त्यांत माहितीच्या शुद्धतेचे निर्बंध प्रोग्रॅममध्ये न ठेवता डेटाबेसच्याच सूचीत साठविता आले पाहिजेत, असे एक लक्षण आहे. नियमांचे वसतिस्थान माहितीजवळ असावे या मताचे हे सर्वांत स्पष्ट तात्त्विक प्रतिपादन म्हणता येईल. कॉड यांना अभिप्रेत असलेले निर्बंध मात्र विधानरूप होते, आज्ञांची मालिका नव्हे. ‘कसे करावे’ हा जो भाग एस.क्यू.एल.ने प्रयत्नपूर्वक बाहेर काढला होता, तोच स्टोअर्ड प्रोसीजरने पुन्हा आत आणला, हा या इतिहासातील एक अंतर्विरोध आहे.

तो आत आणण्याचे कारण व्यावहारिक होते. मोठ्या केंद्रीय संगणकाच्या काळात प्रोग्रॅम आणि माहिती एकाच यंत्रावर नांदत असत. कर्मचाऱ्यांच्या मेजावर केवळ टर्मिनल असे. १९८०च्या दशकात वैयक्तिक संगणक स्थानिक जाळ्याने जोडले गेले आणि प्रोग्रॅम मेजामेजांवर विखुरला. आता व्याजाचा एखादा नियम बदलावयाचा तर शेकडो यंत्रांवरील प्रती बदलाव्या लागणार, आणि त्यांपैकी एक जरी जुनी राहिली तरी माहिती बिघडणार. या परिस्थितीत सायबेस ही कंपनी पुढे आली. १९८४ साली बर्कली येथे मार्क हॉफमन आणि रॉबर्ट एपस्टीन यांनी ती स्थापिली. एपस्टीन हे त्यापूर्वी कॅलिफोर्निया विद्यापीठातील, मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांच्या नेतृत्वाखालील, ‘इंग्रेस’ प्रकल्पात काम केलेले होते. १९८७ साली बाजारात आलेल्या सायबेसच्या सर्व्हरमध्ये स्टोअर्ड प्रोसीजर व ट्रिगर यांची सोय होती. यंत्रे विखुरली तरी नियम एकत्र राहावेत, हा तिचा हेतू.

मायक्रोसॉफ्टने सायबेसच्या सहकार्याने १९८९ साली आपला एस.क्यू.एल. सर्व्हर काढला आणि ‘ट्रान्झॅक्ट-एस.क्यू.एल.’ ही भाषा अशा रीतीने दोन घराण्यांत गेली. ऑरेकलने १९८८ साली एडा या भाषेच्या धर्तीवर ‘पी.एल./एस.क्यू.एल.’ निर्माण केली; तथापि त्या भाषेतील प्रोसीजर डेटाबेसमध्ये साठविण्याची सोय १९९२ च्या सातव्या आवृत्तीत झाली. प्रत्येकाची बोली निराळी ठरली. सर्वमान्य प्रमाण १९९६ साली आले, परंतु तोवर या बोलींत लिहिलेले पुष्कळ काम संस्थांच्या सर्व्हरवर साठले होते. प्रमाण उशिरा आल्याचा परिणाम दूरगामी झाला. प्रोसीजर लिहिणे म्हणजे एका विक्रेत्याशी बांधून घेणे, हा आक्षेप येथूनच उत्पन्न होतो.

३

१९९० नंतरच्या वेबने ही परिस्थिती पुन्हा पालटली. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत निर्माण केलेली वेब प्रथमतः तयार पृष्ठे दाखविणारी होती. १९९३ साली सी.जी.आय. हा संकेत निघाला आणि वाचकाने विनंती करताच सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवून पृष्ठ तयार करणे शक्य झाले. या बदलाचे मर्म असे की, मेजामेजांवर विखुरलेला प्रोग्रॅम पुन्हा मध्यवर्ती यंत्रावर आला. वाचकाजवळ ब्राउझर तेवढा उरला. ज्या विखुरलेपणावर उपाय म्हणून प्रोसीजर अवतरली, तो विखुरलेपणाच पुष्कळ अंशी नाहीसा झाला.

येथे दोन परंपरा फुटलेल्या दिसतात. पहिली परंपरा ऑरेकलची. १९९५ साली या कंपनीने काढलेल्या वेब-सर्व्हरमध्ये ब्राउझरमधील पत्ता थेट एखाद्या प्रोसीजरला पाचारण करी आणि ती प्रोसीजरच एच.टी.एम.एल. पृष्ठ रचून परत पाठवी. नियम, माहिती आणि पृष्ठ ही तिन्ही एकाच छपराखाली आणण्याचा हा टोकाचा प्रयोग होता. २००४ साली निघालेले आणि पुढे ‘एपेक्स’ या नावाने प्रसिद्ध झालेले साधन त्याच वाटेने गेले. दुसरी परंपरा मायएस्क्यूएल आणि पी.एच.पी. यांची. ही दोन्ही साधने १९९५ च्या सुमारास लोकांपुढे आली, दोन्ही विनामूल्य मिळत, आणि लहान संकेतस्थळे उभारणाऱ्यांनी त्यांचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला. परंतु मायएस्क्यूएलमध्ये स्टोअर्ड प्रोसीजर नव्हत्या; त्या २००५ सालच्या ५.० आवृत्तीत आल्या. म्हणजे वेब-उपयोजने लिहिण्यास शिकलेल्या एका संपूर्ण पिढीने प्रोसीजर नाकारली असे म्हणण्यापेक्षा ती तिला भेटलीच नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. पुढे ज्याला सिद्धांताचे रूप आले, त्याचा काही भाग मुळात साधनांच्या उणिवेतून आलेल्या सवयीचा होता.

४

वेबने आणलेला दुसरा बदल अधिक गंभीर होता. पूर्वी डेटाबेसशी बोलणारा मनुष्य संस्थेचा कर्मचारी असे. आता अज्ञात वाचकाने टंकलिखित केलेली अक्षरे डेटाबेसपर्यंत पोहोचू लागली. १९९८ च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने एक लेख लिहून यातील धोका दाखविला. त्यासच पुढे एस.क्यू.एल. इंजेक्शन हे नाव पडले. त्याचे स्वरूप एका आडनावावरून समजते. गोव्यात आणि मुंबईत आढळणारे डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी देतात. एस.क्यू.एल.मध्ये तेच चिन्ह मजकुराचा शेवट दर्शविते. प्रोग्रॅमने वाचकाची अक्षरे जशीच्या तशी आज्ञेत चिकटविली असतील, तर या निरुपद्रवी नावानेही आज्ञा मोडते. आणि जेथे नावाने आज्ञा मोडते, तेथे कुटिल मनुष्य नावाच्या जागी आपलीच आज्ञा लिहू शकतो.

या धोक्यावर प्रोसीजर हा उपाय म्हणून सांगण्यात आला. त्यात तथ्य होते, पण ते अर्धे. वेब-सर्व्हरच्या खात्यास कोष्टकांवर कोणताही अधिकार न देता केवळ ठरावीक प्रोसीजर चालविण्याचा अधिकार दिला, तर वेब-सर्व्हर शत्रूच्या हाती गेला तरी त्याला त्या प्रोसीजरांच्या मर्यादेबाहेर जाता येत नाही. हा लाभ खराच आहे. परंतु प्रोसीजरने स्वतःच आत अक्षरे जोडून आज्ञा तयार केली, तर दार पुन्हा उघडे राहते. खरे संरक्षण मूल्य आणि आज्ञा ही दोन वेगळी पाठविण्यात आहे. ते प्रोसीजरविनाही साधते. प्रोसीजर असणे आणि सुरक्षित असणे यांचे समीकरण मांडणाऱ्यांनी अधिकारांची मर्यादा आणि मूल्यांची वेगळीक या दोन निरनिराळ्या गोष्टी एक मानल्या.

५

वेगाच्या युक्तिवादाचेही असेच झाले. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरच्या ६.५ पर्यंतच्या आवृत्त्यांत प्रोसीजरचे पृथक्करण आगाऊ करून ठेवले जाई आणि बाहेरून आलेल्या आज्ञेस हा लाभ नसे. १९९८ सालच्या ७.० आवृत्तीत ही व्यवस्था बदलली. बाहेरून आलेल्या आज्ञेच्या अंमलबजावणीचा आराखडाही स्मृतीत राखून तो पुन्हा वापरण्यात येऊ लागला, आणि या बाबतीत प्रोसीजरचे वैशिष्ट्य जवळजवळ संपले. उलट, पहिल्या वेळी आलेल्या मूल्यांवरून आखलेला आराखडा नंतरच्या मूल्यांस गैरसोयीचा ठरावा, हा दोषही दोहोंना समान झाला. ‘प्रोसीजर म्हणजे वेग’ हे वचन मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे प्रचारात राहिले. येरझारा वाचतात म्हणून मिळणारा वेग खरा होता. आगाऊ तयारीचा वेग इतिहासजमा झाला होता. वचन मात्र दोहोंसाठी एकच होते.

याच सुमारास विरोधी पक्ष संघटित झाला. गॅव्हिन किंग यांचे ‘हायबरनेट’ २००१ साली, मार्टिन फाउलर यांचा उपयोजन-रचनेवरील ग्रंथ २००२ साली आणि डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांचे ‘रेल्स’ २००४ साली आले. नियम प्रोग्रॅममध्ये असावेत आणि डेटाबेसने राखणदारापेक्षा कोठीचे काम करावे, ही वृत्ती, विशेषतः रेल्समध्ये, प्रबळ झाली. तिच्यामागे विचार होता. प्रोग्रॅमच्या प्रत्येक बदलाचा इतिहास राखता येतो, त्याची चाचणी सहज घेता येते. प्रोसीजर मात्र अनेक ठिकाणी सर्व्हरवरच बदलली जाई आणि जुनी कशी होती याचा मागमूस उरत नसे. शिवाय भार वाढल्यावर वेब-सर्व्हरची संख्या वाढविणे सोपे, डेटाबेसची वाढविणे कठीण; म्हणून महागड्या यंत्रावरील काम स्वस्त यंत्रांवर हलविणे शहाणपणाचे होते. या युक्तिवादात गृहीत धरलेली गोष्ट अशी की, डेटाबेसचा धनी एकच प्रोग्रॅम आहे. जेथे वेब, मोबाइल आणि रात्री चालणारी हिशेबाची कामे एकाच माहितीवर हात टाकतात, तेथे नियमाच्या अनेक प्रती होतात आणि १९८७ पूर्वीचीच अडचण नव्या वेषात उभी राहते.

६

वाद येथे संपावयास हवा होता. परंतु २००७ साली स्टोनब्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एच-स्टोअर’ या प्रायोगिक डेटाबेसचा निबंध सादर केला. त्यात संपूर्ण माहिती मुख्य स्मृतीत ठेवून व्यवहार एकामागून एक, कुलपांवाचून, चालविण्याची कल्पना होती. टी.पी.सी.-सी या कसोटीवर एका प्रस्थापित व्यापारी डेटाबेसच्या सुमारे ८२ पट वेग त्यांनी नोंदविला. हा लाभ केवळ प्रोसीजरचा नव्हे. पण प्रोसीजर ही त्याची पूर्वअट होती. व्यवहार मध्येच थांबून बाहेरच्या प्रोग्रॅमच्या पुढील आज्ञेची वाट पाहू लागला, तर रांगेतील सर्वच व्यवहार खोळंबतील. म्हणून संपूर्ण व्यवहार एकाच फेरीत डेटाबेसच्या आत पार पडणे अनिवार्य झाले. ज्या इंग्रेस प्रकल्पात एपस्टीन घडले, त्याच्याच एका प्रमुखाने प्रोसीजरला पुन्हा केंद्रस्थानी आणावे, हा योगायोग लक्षणीय आहे. २०१८ साली पोस्टग्रेस्क्यूएलच्या ११ व्या आवृत्तीने, फंक्शनांच्या जोडीला, व्यवहार आतल्या आत कायम करू शकणाऱ्या प्रोसीजर दिल्या. त्यावरूनही ही गरज ओसरली नव्हती हे स्पष्ट होते.

या सर्व घटनांचा एकत्रित विचार करता असे म्हणावे लागते की, स्टोअर्ड प्रोसीजर वेगवान की मंद, सुरक्षित की असुरक्षित, हे प्रश्न प्रत्येक दशकात निराळी उत्तरे देणारे, म्हणून दुय्यम आहेत. टिकून राहिला तो मूळ प्रश्न : माहिती बिघडली तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा? ज्या संस्थेत हा जाब माहितीच्या रक्षकाने द्यावयाचा असतो, तेथे नियम माहितीजवळ ठेवण्याचा अधिकारही त्याच्याकडे असला पाहिजे. ज्या ठिकाणी तो एकाच प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी द्यावयाचा असतो, तेथे नियम त्यांच्याजवळ असणे न्याय्य होय. जबाबदारी एकाकडे आणि नियम दुसऱ्याकडे, ही स्थिती मात्र कोणत्याही काळी हितावह ठरलेली नाही. खात्यातील रक्कम वळती करणाऱ्या त्या पाच आज्ञा कोठेही लिहिल्या तरी चालतात; त्यांच्यावर लक्ष ठेवणारा कोण, हे मात्र त्या लिहिण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.