जीपवाला आधी मागतो

परवा नातीने फोनवर विचारलं, "आजोबा, बाळंतिणीला सरकार पैसे का देतं?" उत्तर देता देता मी मनाने भंडारदऱ्याला जाऊन पोचलो. त्या भागात मी बरीच वर्षं मास्तरकी केली.

साल 2007, ऐन पावसाळा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची बायको घरीच बाळंत झाली. बाळ अगदी हलकं होतं, तिसऱ्या दिवशी गेलं. भेटायला गेलो आणि मास्तरी खोडीने बोलून बसलो, "अरे, दवाखान्यात नेलं असतंस तर सातशे रुपयेही मिळाले असते." तो खाली बघत म्हणाला, "गुर्जी, जीपवाला आधी मागतो. सातशे मागून मिळत्यात."

मी गप्प झालो.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. 1995 साली केंद्राने राष्ट्रीय मातृत्व लाभ योजना आणली. गरीब गरोदर बाईच्या पोटात चार घास जास्त जावेत म्हणून रोख मदत. 2005 मध्ये तिची जननी सुरक्षा योजना झाली आणि भर दवाखान्यातल्या बाळंतपणावर आला. आपल्याकडे खेड्यातल्या पात्र बाईला 700 रुपये, मागे पडलेल्या राज्यांत 1400.

दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, हे खरं. बाळं किती वाचली यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. 2010 च्या 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासात हजार जन्मांमागे साधारण 2 नवजात मृत्यू कमी दिसले; नंतरच्या अभ्यासात तसा ठोस पुरावा मिळाला नाही. उलट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी बाळं सांभाळली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. म्हणजे पैसा दारापर्यंत नेतो, पण आत बाळाकडे बघणारं माणूसही लागतं.

जीपच्या भाड्याचं उत्तर कागदावर 2011 मध्ये आलं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात ने-आण मोफत झाली. 2017 च्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये ठरले, आणि हप्ते गरोदरपणातच सुरू. म्हणजे बाळ यायच्या आधी.

नातीला एवढं सगळं सांगितलं. त्या विद्यार्थ्याला पुढे मुलगी झाली, दवाखान्यात. ती आता मोठी झाली आहे. पण त्या पावसात मी जे बोललो, त्याबद्दल त्याची माफी मागायची अजून राहूनच गेली आहे.