खापरापासून राखडीपर्यंत

नागपूरहून सावनेरच्या वाटेला लागले की आधी कोराडी आणि पुढे थोडे आत खापरखेडा लागते. दोन्ही गावे आज औष्णिक वीजकेंद्रांमुळे ओळखली जातात. दुसऱ्या गावाच्या नावात 'खापर' आहे हा योगायोग असेल. पण विटेच्या मातीत माणसाने काय काय मिसळले याची गोष्ट खापरापासूनच सुरू होते आणि या वीजकेंद्रांच्या राखेपाशी येऊन पोचते. इकडे त्या राखेला 'राखड' म्हणतात.

मुळात मातीत काही मिसळायचेच कशाला? ओल्या चिकणमातीच्या कणांमध्ये पाण्याचे पातळ थर असतात. ते सुकले की कण जवळ येतात, वीट आकसते आणि बाहेरचा भाग आतल्यापेक्षा आधी आकसला तर तडकते. म्हणून न आकसणारे काहीतरी मिसळावे लागते. कुंभारांनी यासाठी वाळू, राख, घोड्याची लीद आणि फुटक्या भांड्यांचा म्हणजे खापराचा चुरा वापरला. खापर एकदा भाजून निघालेले असते, ते पुन्हा आकसत नाही. लीद किंवा धानाचा कोंडा यांचे काम वेगळे. ते भट्टीत जळून जातात, थोडी उष्णता आतूनच देतात आणि मागे छिद्रे ठेवतात. अशी वीट हलकी होते, पण पाणी जास्त पिते आणि तिची ताकदही घटते.

भाजलेल्या विटेचा आपल्याकडचा इतिहास मोठा आहे. हडप्पा संस्कृतीतील विटांची उंची, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४ असे ठरलेले होते. विदर्भात भंडारा जिल्ह्यातील पवनीचे स्तूप आणि रामटेकजवळच्या मनसरचे वाकाटककालीन अवशेष विटांचेच आहेत. शेजारच्या तेलंगणात पालमपेटच्या रामप्पा मंदिराच्या (इ.स. १२१३) शिखरातील विटा तर पाण्यावर तरंगतात, इतक्या त्या सच्छिद्र आहेत. छिद्रे हा प्रत्येक वेळी दोष नसतो. वीट कुठे वापरायची त्यावर ते ठरते.

विदर्भातील वीटवाल्याची खरी अडचण आहे काळी माती. बेसाल्टपासून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि सुकताना तितकेच आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. त्याच भेगा विटेला पडतात. शिवाय या मातीत चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. पुढे हवेतील ओलावा घेऊन तो फुगतो आणि चांगल्या दिसणाऱ्या विटेचे टवके उडतात. खडे बारीक दळले तर हा धोका बराच कमी होतो.

कोराडीचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. खापरखेड्याचे २१० मेगावॉटचे संच १९८९ पासून आले. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे १०० किलो कोळसा जाळला की निदान ३० किलो राख उरते. ती पाण्याबरोबर तलावात सोडली की जमीन अडते, आणि तलाव सुकला की धूळ उडते.

मग ही राखड विटेत का घालू नये? तिचे कण अतिशय बारीक आणि बरेचसे गोल असतात. त्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असते. एकदा भट्टीतून गेल्यामुळे ती आकसत नाही. जे काम खापराचा चुरा करी तेच ती करते. तिच्यात थोडा न जळलेला कोळसा असेल तर इंधनही वाचते. काळ्या मातीला ती विशेष मानवते. मात्र राखडीला स्वतःचा चिकटपणा नाही. प्रमाण फार वाढले की कच्ची वीट साच्यातून काढतानाच कडा ढासळतात. वाळूसर मातीत तर ती थोडीच चालते. एकच प्रमाण सगळीकडे लावता येत नाही.

१९९३ मध्ये राखमिश्रित भाजलेल्या विटांसाठी भारतीय मानक निघाले. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांना किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर झाले. यामागे मातीचाही विचार होता. एक वीट सुमारे ३ किलोची धरली तर एक लाख विटांना ३०० टन माती लागते, म्हणजे एक एकर शेताचा जवळजवळ ५ सेंटिमीटरचा थर. चौथा हिस्सा राख असेल तर ७५ टन माती वाचते. सुपीक थर तयार व्हायला शतके लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा लहान वाटत नाही.

पण नियम कागदावर सोपा आणि भट्टीवर अवघड. माती आणि राख फावड्याने एकजीव होत नाहीत. गुठळी राहिली की वीट तिथेच फुटते. यंत्र आणावे तर खर्च वाढतो. पुढे राखेला चुना किंवा सिमेंट घालून, न भाजता केलेल्या विटांचा मार्ग पुढे आला. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राख वापरात आणण्याची मुख्य जबाबदारी वीजकेंद्रांवर टाकली. तरी प्रश्न संपलेला नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले.

हा सारा विषय वर्गात करून पाहता येतो. गावची माती चाळा. एका भागात काहीच मिसळू नका, दुसऱ्यात चौथा हिस्सा आणि तिसऱ्यात निम्मा विटेचा बारीक चुरा घाला. चुरा करताना तोंडाला रुमाल बांधा. तिन्हींच्या पट्ट्या करून त्यांवर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि सावलीत सुकवा. रेघ किती मिलिमीटर आखडली? मग पट्ट्या कुंभाराच्या आव्यात भाजून घ्या, कोरड्या वजन करा, २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा वजन करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की पाणी शोषण्याची टक्केवारी मिळते. साध्या विटेला ती २० पेक्षा जास्त नसावी. आमची खात्री आहे की तिन्ही पट्ट्यांची उत्तरे वेगळी येतील, आणि शेजारच्या गावच्या शाळेची आणखी वेगळी. मातीगणिक उत्तर बदलते, हीच या इतिहासाची शिकवण आहे.