घरकामाची शंभर वर्षे : श्रम घटले, वेळ का घटला नाही?

इतिहासाच्या पुस्तकांत राजे, लढाया, कायदे आणि चळवळी असतात. पहाटे घराघरांत दळले जाणारे पीठ, विहिरीवरून येणारे पाणी आणि चुलीपुढे जाणारे तास यांची नोंद त्यांत क्वचितच सापडते. पण माणसांच्या श्रमांची जमाखर्चाची वही कोणी मांडलीच, तर तिची बरीचशी पाने याच कामांनी भरतील. या लेखात आपण महाराष्ट्रातील घरांमध्ये आईच्या कामात गेल्या सुमारे शंभर वर्षांत काय बदलले ते पाहू. इतिहासाला थोडी भौतिकशास्त्राचीही जोड देऊ. कारण कार्य, शक्ती आणि वेळ या संकल्पना आपण वर्गात शिकवतोच.

यंत्रे आली म्हणजे गृहिणीचा वेळ वाचला, असे आपण सहज गृहीत धरतो. अमेरिकेत जोआन व्हॅनेक यांनी हे गृहीत तपासून १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२४ च्या सुमारास आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होत्या. वीज, नळ, धुलाईयंत्र, फ्रिज हे सर्व येऊन गेल्यावर, १९६० च्या दशकात, हा आकडा ५५ तास होता! इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात याचे कारण शोधले. पूर्वी लाकडे फोडणे हे वडिलांचे काम, पाणी आणणे मुलांचे. नव्या साधनांनी ही कामे संपवली. स्वयंपाक, धुणे, स्वच्छता ही आईची कामे मात्र राहिली आणि ती अधिक वेळा व अधिक चोखपणे करण्याची अपेक्षा वाढली. हे निदान आपल्याकडे कितपत लागू पडते?

जाते आणि गिरणी

सुरुवात जात्यापासून करू. पाच-सहा माणसांच्या घराला रोज दोन-अडीच किलो पीठ लागते असे धरू. ते एकदम महिन्याचे दळून ठेवता येत नसे. बाजरीच्या दाण्यात स्निग्ध पदार्थांचे प्रमाण बरेच असते. दाणा फुटला की त्यातील विकरे या पदार्थांचे विघटन करू लागतात आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होते. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण रोजचे किंवा एक दिवसाआडचे, आणि तेही पहाटे. कारण उजाडल्यावर शेतातली कामे वाट पाहत असत.

निरोगी माणूस सलग तासभर काम करू लागला, तर त्याची शक्ती ५० ते ७५ वॉटच्या आसपास असते. गावातील गिरणीची १० अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे ७,४६० वॉट. एका मोटरमागे शंभर ते दीडशे माणसे! गिरणी आल्यावर जाते इतक्या झपाट्याने का मागे पडले, याचे उत्तर या भागाकारात आहे.

पण ही शक्ती घरापर्यंत यायला वेळ लागला. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली, ती मुख्यतः कापड गिरण्यांसाठी. खेड्यांत आधी तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर पुढील काही दशकांत वीज गावोगाव पोहोचली आणि विजेची चक्की सर्रास दिसू लागली. जात्यावर गायल्या जाणाऱ्या ओव्यांचा प्रसंगच त्यामुळे नाहीसा झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्याहून केलेल्या कामात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. स्त्रियांच्या श्रमांचा इतिहास लिहायचा तर हा अस्सल पुरावा आहे. मात्र ओव्या गोड म्हणून दळणही गोड होते, असे मानायचे कारण नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दळण घराबाहेर गेले, तेव्हा ते करणारी व्यक्तीही बदलली. डबा सायकलला लावून गिरणीत नेणे हे काम मुलगे आणि पुरुषही करू लागले. जात्यावर मात्र पुरुष सहसा बसत नसे.

पाण्याचा हिशेब

ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी सरकारी प्रमाण पूर्वी माणशी रोज ४० लिटर होते; २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ते ५५ लिटर झाले. जुने प्रमाण धरले तरी पाच माणसांना २०० लिटर, म्हणजे २०० किलो पाणी लागते. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी मिळून एका खेपेत २० लिटर येते असे धरू. म्हणजे दहा खेपा. विहीर पाव किलोमीटरवर असेल, तर रोज पाच किलोमीटर चाल, त्यातली निम्मी ओझ्यासह.

आता भौतिकशास्त्र पाहू. हे २०० किलो पाणी १० मीटर खोल विहिरीतून वर काढायला सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा पुरते. एक किलोवॉटची शेगडी इतकी ऊर्जा वीस सेकंदांत खर्च करते. आणि सपाट रस्त्यावरून हंडा वाहून नेताना तर गुरुत्वाविरुद्ध केलेले कार्य शून्य! हमालाचे हे उदाहरण आपण मुलांना नेहमी देतो. पण स्नायू ताणून धरण्यासाठी शरीराला सतत ऊर्जा खर्च करावी लागते, आणि खेपांना वेळ तर लागतोच. सूत्रातील 'कार्य' शून्य आले म्हणून श्रम शून्य होत नाहीत, हे त्याच तासाला सांगायला हवे.

शिवाय सर्व घरांचे पाणी सारखे नव्हते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तो सार्वजनिक पाण्यावरील हक्कासाठी. ज्या स्त्रियांना पाणवठ्याला हात लावायची मनाई होती, त्यांच्या दिवसात कोणी पाणी घालील याची वाट पाहण्याचे तासही होते. ही वाट पाहणी कोणत्याही यंत्राने संपणारी नव्हती.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या. त्यांवर बसवायला मजबूत पंप हवा होता. सोलापुरात तयार झालेल्या हातपंपाच्या रचनेवरून १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप विकसित झाला आणि पुढे तो देशोदेशी पोहोचला. आपल्या मातीतले हे तंत्रज्ञान अभ्यासक्रमात यायला हरकत नाही.

चूल, गॅस आणि मिक्सर

साधी चूल लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्याला देते. गॅसची शेगडी ६० टक्क्यांहून अधिक. गॅसचे उष्मांकमूल्यही लाकडाच्या जवळजवळ तिप्पट. गणित केले तर १४.२ किलोचा एक सिलिंडर सुमारे २०० किलो लाकडाचे काम करतो, म्हणजे आठ-दहा मोळ्यांचे. मोळ्या आणणे, फुंकर घालणे, धूर, भांड्यांवरची काजळी हे सारे त्याबरोबर गेले. पण हा बदल सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचला नाही. शहरांत गॅस १९५० आणि ६० च्या दशकांत येऊ लागला; गरीब घरांतील स्त्रियांना जोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली २०१६ साली.

१९६० च्या आसपास प्रेशर कुकर आला. वाढलेल्या दाबामुळे त्यात पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते आणि डाळ लवकर शिजते. पाठोपाठ मिक्सरने पाटा-वरवंट्याला बाजूला सारले. यामुळे प्रत्येक काम हलके झाले यात शंका नाही. पण त्याच सुमारास घरेही लहान होत गेली. सासू, जावा, नणंदा यांच्यात वाटले जाणारे काम एकटीवर आले. दोन बर्नरची शेगडी, कुकर आणि मिक्सर यांच्या मदतीने एकटी स्त्री सर्व स्वयंपाक करू शकते, म्हणून तो तिनेच करावा असे ठरून गेले. न्याहारी निराळी, डब्याची भाजी निराळी, रात्रीचे जेवण ताजे अशा अपेक्षाही वाढल्या. कोवन यांचे निदान येथे बरेचसे जुळते.

मग वेळ खरोखर कोठे वाचला? आम्हाला असे दिसते की, जे काम घराबाहेर जाऊन सामायिक झाले, तेथे तो सर्वांत जास्त वाचला. गिरणी आणि गावची नळयोजना ही त्याची उदाहरणे. पापड लाटण्याचे कामही असेच बाहेर पडले. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाने त्याच कामाला मोबदला मिळवून दिला. याउलट जे यंत्र घरात आले, त्याने कष्ट कमी केले, पण काम कोणाचे हा प्रश्न जागचा हलवला नाही.

आकडेही हेच सांगतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ साली हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली. पुरुषांचीही नऊ मिनिटे कमी झाली.

शाळेचा वाटा

यात शाळाही बाजूला राहत नाही. मूल शाळेत जाऊ लागले तसा ठराविक वेळेचा डबा, रोज धुतलेला गणवेश आणि संध्याकाळचा गृहपाठ ही नवी कामे बहुतांशी आईकडे आली. आपण 'घरून करून आणा' असे सांगतो, तेव्हा ते कोणाच्या वेळातून होणार याचा विचार करतो का? दुसऱ्या बाजूने, पाणी दाराशी आले की सर्वांत आधी सुटका होते ती आईबरोबर खेपा घालणाऱ्या मुलीची, आणि ती वर्गात येऊन बसते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि वडील एकत्र भाजी निवडतानाचे चित्र आले. चित्रावर वर्गात बोलणे झाले, तरच त्याचा उपयोग.

आठवी-नववीच्या वर्गात एक सोपा प्रकल्प घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका दिवसाची कामे लिहावीत : काम कोणते, कोणी केले, किती मिनिटे, कोणत्या साधनाने. तेच प्रश्न आजीला तिच्या लहानपणाबद्दल विचारावेत. वह्यांवर नावे नसावीत, म्हणजे कोणाच्या घराची तुलना होणार नाही. मग वर्गाची सरासरी काढावी, आलेख काढावेत आणि पाण्याच्या खेपांचा हिशेब मांडावा. शेवटी मुलांना आणि मुलींना एकच प्रश्न विचारावा : यातले कोणते काम उद्यापासून तुम्ही करू शकाल? महिन्याभराने तोच तक्ता पुन्हा भरून घ्यावा आणि 'कोणी केले' या रकान्यात काही बदल दिसतो का ते पाहावे.